आजीची वही: दांडिया बाजारातल्या एका घराचं लेसन

बडोद्यात गृहपाठाला लेसन म्हणतात. गुजराती घरात लेसन आणि मराठी घरातही लेसनच. "लेसन झालं का गं?" हे वाक्य संध्याकाळी सात ते नऊ या वेळात दांडिया बाजारच्या कुठल्याही जिन्यात उभं राहिलं तरी ऐकू येतं. मी चौदा वर्षं या शहरात मुलांसाठी समुपदेशनाचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या घरांची तक्रार याच वाक्यापाशी सुरू होते. हे प्रकरण त्यातलंच एक. कुटुंबाच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून दोन-चार तपशील बदललेत आणि नावं कोणाचीच दिलेली नाहीत.

घरात चार माणसं. आजी, मुलाचा संसार आणि पाचवीतली नात. वाडा पाडून झालेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. बाबा मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, एका कारखान्यात, दर आठवड्याला बदलणारी पाळी. आई रावपुऱ्यात एका पतपेढीत, साडेदहा ते साडेसहा. मुलगी गुजरात बोर्डाच्या इंग्रजी माध्यमाच्या खासगी शाळेत, सकाळच्या पाळीला.

आई आली ती दिवाळीच्या सुट्टीनंतर, नोव्हेंबरच्या मध्यावर. मुलीचं सकाळी पोट दुखायचं. बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितलं, पोटात काही नाही. दुसरी तक्रार जास्त लागलेली: मुलगी खोटं बोलायला लागली होती. "आज लेसन दिलंच नाही" असं सांगायची आणि रात्री दहाला पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आईला कळायचं की तीन विषयांचं दिलं आहे. "मॅडम, तिला अभ्यासाची गोडी लागेल असं काहीतरी सांगा," आई म्हणाली. बाबा शेजारी बसले होते, रात्रपाळी करून आलेले, डोळे लाल. ते एवढंच म्हणाले, "आम्हाला कोण घेऊन बसत होतं? आमचं आम्ही केलं."

पहिल्या भेटीत मी कधी उपाय सांगत नाही. पंधरा दिवसांची नोंद मागते: उठणं, शाळा, जेवण, लेसन, झोप, प्रत्येकाची वेळ. नोंद ठेवायला आईबापांना फुरसत नव्हती, म्हणून काम आजींकडे गेलं. आजींचे यजमान बँकेत होते, घरखर्चाचा हिशोब आजी पंचेचाळीस वर्षं रोज लिहित आल्या आहेत. त्यांनी शंभर पानी वही काढली, पट्टीनं रकाने आखले आणि मला म्हणाल्या, "हे बघ गं, मी लिहीन ते खरं लिहीन. मग सुनेला वाईट वाटलं तर तू बघ."

पंधरा दिवसांनी वही हातात आली. त्यातलं एक पान जसंच्या तसं:

"मंगळवार. 7.35 ला बसली. एसएस, प्रश्नोत्तरं 9. 7.50 पेन्सिलला टोक. 8.05 पाणी. 8.20 आई ओरडली. 8.22 रडली. 8.30 परत बसली. 8.50 मी साखरभात दिला, आई रागावली (माझ्यावर). 9.10 तीन राहिली. जेवण. 9.40 परत. 10.15 संपलं. 10.40 झोप."

एसएस म्हणजे सोशल स्टडीज, सामाजिक शास्त्रं. नऊ प्रश्नांची उत्तरं मुलीला येत नव्हती असं नाही. ती वर्गात फळ्यावर लिहून झालेली होती. घरी तीच "फेअर"मध्ये, म्हणजे पक्क्या वहीत, उतरवायची होती.

वहीतून दिवसाचा सांगाडा निघाला तो असा. पावणेसहाला उठणं, 6.35 ला वर्दीची, म्हणजे शाळेच्या मुलांची ने-आण करणारी, रिक्षा. शाळा 7.20 ते 1.10, पण वर्दीत हिचं घर शेवटचं, म्हणून घरी पोचायला दोन. जेवून अडीच. मग ट्यूशनचं लेसन. साडेचार ते सहा ट्यूशन. सात वाजता आई येते, साडेसातला शाळेचं लेसन. शाळेच्या लेसनचे आठवड्याला साडेसहा तास, ट्यूशनच्या लेसनचे चार. एकूण साडेदहा, म्हणजे सहा दिवसांत रोज पावणेदोन तास. झोप सात तास. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप लागते, हे झोपेच्या वैद्यकशास्त्रातलं सर्वमान्य माप आहे. पोटदुखीच्या निम्म्या भागाचं उत्तर तिथंच होतं.

केंद्र सरकारचं 2020 चं शालेय दप्तर धोरण गृहपाठाबद्दल अगदी स्पष्ट बोलतं. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही. तिसरी ते पाचवी, आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. सहावी ते आठवी, रोज एक तास. नववीपासून रोज दोन. दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांच्या आत. आजींनी न सांगताच दप्तर वाण्याच्या काट्यावर नेऊन तोललं: 5 किलो 200. मुलगी 28 किलोची. म्हणजे दप्तर असायला हवं त्याच्या जवळजवळ दुप्पट, आणि लेसन, ट्यूशनचं सोडून नुसतं शाळेचं धरलं तरी, तिपटीहून जास्त. धोरण आहे, पण ते न पाळल्याबद्दल शाळेला काही होत नाही. यशपाल समितीनं मुलांच्या पाठीवरचं ओझं कमी करा म्हणून अहवाल दिला तो 1993 साली. तेव्हा पाचवीत असलेली मुलं आज स्वतः पालक आहेत आणि रात्री दहाला फेअर वही तपासताहेत.

इथपर्यंतचं निदान कोणीही केलं असतं, मीही तेच केलं: लेसन जास्त आहे, कमी करा. पण आजींच्या वहीत मी न सांगितलेला एक रकाना होता. शेवटचा, अरुंद. वर लिहिलं होतं, "बोलणं". म्हणजे त्या दिवशी घरात मुलीशी कोण काय बोललं. शाळेच्या बारा दिवसांपैकी नऊ दिवस त्या रकान्यात एकच शब्द होता, आणि पुढच्या दिवसांना त्याखाली वरीलप्रमाणेच्या दोन टिंबांच्या खुणा. शब्द होता: लेसन.

मी आजींना विचारलं, "म्हणजे दुसरं काहीच बोलणं नाही?"

"ऊठ, आवर, जेव, झोप. ते काय बोलणं धरायचं?"

मला वाटतं, हे प्रकरण खरं तिथं उघडलं. त्या घरात आईची आणि मुलीची दिवसातली एकमेव भेट वहीवर होत होती. आई सातला येणार, साडेसातला लेसनला बसवणार. लेसन नसतं तर त्या दोघी कशासाठी शेजारी बसल्या असत्या? बाबांचं तर आणखी अवघड. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात ते पावणेदोनला निघतात आणि मुलगी दोनला येते. पंधरा मिनिटांची चुकामूक, आठवडाभर. ते रात्री अकराला परततात तेव्हा ती झोपलेली. त्यांना मुलीची खबर मिळते ती बायकोकडून, आणि ती एकाच विषयाची असते. मग रविवारी मुलगी समोर आली की बाप दुसरं काय विचारणार? "गणिताचं काय झालं?"

थोडं विषयांतर करते. याच बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचं प्राथमिक शिक्षण सुरू केलं आणि 1906 पासून सगळ्या राज्यात लागू केलं. तेव्हा मूल शाळेत पाठवत नाही म्हणून पालकांना दंड व्हायचा. घरकामातून, शेतातून मुलाचे काही तास शाळेसाठी सोडवून घ्यायचे होते. आता शिक्षण हक्क कायदा पाचवीपर्यंत वर्षाला 200 दिवस आणि 800 तास अध्यापन मागतो, म्हणजे दिवसाला सरासरी चारच तास. उलटी सोडवणूक कोणी करायची, म्हणजे शाळेच्या हातून घराचे तास कोणी परत मागायचे, हे मात्र कुठल्या कायद्यात नाही.

आता शाळा. वर्गशिक्षिकेला भेटायला आई आणि मी दोघी गेलो. मी मनातून भांडणाच्या तयारीत होते, आणि ती तयारी फुकट गेली. बाईंच्या टेबलावर फेअर वह्यांचे दोन ढीग होते, 46 मुलांचे. "मला काय हौस आहे का तपासायची?" त्या म्हणाल्या. "लेसन कमी दिलं की ग्रुपवर पालकांचे मेसेज येतात, शाळेत काही शिकवत नाही म्हणून. वही भरलेली दिसली नाही तर वरून विचारणा. धोरण मी वाचलंय. पालकांना वाचायला द्या." मला पटलं. आईही गप्प झाली, कारण त्या ग्रुपवर तिनंही ऑगस्टमध्ये एकदा लिहिलं होतं: "टुडे नो एचडब्ल्यू? व्हाय?"

एकट्या मुलीला सूट देता येणार नव्हती. ठरलं ते असं: घड्याळ लावून चाळीस मिनिटं. वेळ संपली की जिथं असेल तिथं वहीत आडवी रेघ मारायची, आईनं सही करायची, "40 मि." असं लिहायचं. राहिलेलं राहिलं. त्याबद्दल वर्गात उभं करायचं नाही. सहा आठवडे करून बघू. चाळीस हा आकडा कुठल्या शास्त्रातून आलेला नाही. धोरणाप्रमाणे रोजची वीस-पंचवीस मिनिटं होतात. अमेरिकेत इयत्ता गुणिले दहा मिनिटं असा जुना ठोकताळा आहे, त्यानं पाचवीला पन्नास होतात. बाई चाळीसवर हो म्हणाल्या, म्हणून चाळीस. ड्यूक विद्यापीठातल्या हॅरिस कूपर यांनी 2006 मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला होता. प्राथमिकच्या वयात गृहपाठाचा आणि गुणांचा संबंध फार कमजोर दिसतो, असं त्यातून निघतं. हे मी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अमेरिकेत ठीक आहे." ट्यूशन बंद करायला त्यांनी साफ नकार दिला. आठवड्याला पाचाऐवजी तीन दिवस आणि ट्यूशनचं लेसन बंद, इथवर तडजोड झाली.

आडव्या रेघेचा एक फायदा अनपेक्षित होता. तिसऱ्या आठवड्यात बाईंचाच फोन आला. रेघा बघून त्यांना कळलं होतं की गणित पंधरा मिनिटांत होतं आणि एसएसमध्ये मुलगी नवातल्या चार उत्तरांपुढे जातच नाही. आधी भरलेली वही यायची, त्यात किती वेळ गेला हे दिसत नव्हतं. त्यांनी सगळ्या वर्गाचं एसएसचं उतरवणं निम्म्यावर आणलं. ग्रुपवर दोन दिवस कुरकुर झाली, तिसऱ्या दिवशी विषय बदलला.

यानंतरचा भाग माझ्या चुकीचा आहे आणि तो मला लांबवून सांगायचा आहे.

मोकळा झालेला वेळ रोज साधारण तासभर. पहिल्या दहा दिवसांत त्या तासाचं काय झालं, हे आजींनी लिहून ठेवलं आहे: "8.15 ते 9.20. मोबाईल. सगळे." त्या "सगळे"खाली आजींनी दोनदा रेघ मारली होती. मुलगी आईच्या मोबाईलवर, बाबा स्वतःच्या, आणि आई टीव्ही लावून मुलीच्या शेजारी. कुटुंबाला वेळ मिळाला होता आणि त्याचं करायचं काय हे कोणालाच आठवत नव्हतं.

मग मी माझ्या धंद्याला शोभेल असं वेळापत्रक करून दिलं. सोमवार, कॅरम. मंगळवार, गोष्ट. बुधवार, एकत्र स्वयंपाक. रंगीत कागदावर, खाली चौकटी, झालं की बरोबरची खूण करायची. मुलीनं ते फ्रिजवर लावलं. गुरुवारी आईनं विचारलं, "आजचं काय आहे गं चार्टवर?" आणि मुलीनं विचारलं, "मम्मी, हे पण लेसनच आहे ना?"

आईनं मला फोनवर हे हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. दुसऱ्या दिवशी तो कागद काढून टाकायला सांगितलं.

तोवर डिसेंबरचा तिसरा आठवडा आला होता. ज्यांना बडोदे माहीत नाही त्यांना सांगायला हवं की 14 जानेवारीच्या आधीचे हे चार आठवडे इथं वर्षाचे सगळ्यात भरलेले असतात. संक्रांतीला आम्हीही उत्तरायणच म्हणतो, दुसऱ्या दिवशीची वासी उत्तरायण धरून, आणि आमच्याकडे तिळगुळाइतकंच महत्त्व मांजाच्या फिरकीला. बाबांची तो आठवडा पहिली पाळी होती: सकाळी साडेसहा ते दुपारी अडीच, तीन-सव्वातीनपर्यंत घरी. आधी ते येऊन जेवून झोपायचे, मुलगी ट्यूशनचं लेसन करायची. आता ट्यूशनचं लेसन नव्हतं. एका दुपारी बाबा कोरे पतंग घेऊन आले आणि झोपायच्या आधी दहा-बारांच्या किन्ना बांधून टाकू म्हणून खाली बसले. दोरा धरायला कोणीतरी लागतं. मुलगी समोर होती.

किन्ना बांधणं म्हणजे काय, ते मी त्यांच्या घरी जाऊन पाहिलं. पतंगाच्या मधल्या उभ्या काडीला इथं ढढ्ढा म्हणतात, वाकवलेल्या आडव्या काडीला कमान. दोन्ही जिथं एकमेकींना छेदतात तिथं ढढ्ढ्याच्या दोन बाजूंना दोन भोकं, खाली शेपटीजवळ आणखी दोन. भोकं उदबत्तीच्या जळत्या टोकानं, म्हणजे कागद फाटत नाही. वरून दोरा ओवून गाठ, खालून ओवून गाठ, मग दोन्ही दोरे एकत्र ताणून पतंगाच्या बाजूच्या कोपऱ्यापर्यंत नेऊन माप बघायचं. दोन्ही सारखे आले तर ठीक. खालचा थोडा जास्त सोडला तर पतंग वेगळा वागतो, कमी पडला तर आणखी वेगळा. वारा कसा आहे त्यावर ते ठरतं. बाबा हे सगळं न बोलता करत होते, आणि मुलगी विचारत होती. का दोनच भोकं? का सारखं? हा जड का? पाचवीच्या गणितात मिलिमीटर शिकवतात, ते तिला नीट येत नाही अशी ट्यूशनच्या बाईंची तक्रार होती. इथं ती दोन दोऱ्यांतला चिमूटभर फरक डोळ्यांनी पकडत होती. पण मी हे कौतुकानं बोलून दाखवल्यावर बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे बोलले नाही. पतंगात गणित आहे हे मुलीच्या कानावर पडलं असतं तर तोही खेळ संपला असता.

आजींच्या वहीत त्या आठवड्यात "बोलणं" या रकान्याला जागा पुरली नाही. समासात लिहिलं आहे: "बापाला किन्ना शिकवायला सांगते. शेजारच्या पोराचा किस्सा. बाप लहानपणी धाब्यावरून पडला होता तो किस्सा (मी दुरुस्त केला, पडला नव्हता, उतरताना सरकला)." उत्तरायणच्या दिवशी आई धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, फिरकी धरून चार तास उभी होती, एरवी ती खाली उंधियो गरम करत असते. बोटांना गुंडाळलेली पट्टी तिनं मला नंतर दाखवली.

निकाल विचाराल तर सरळ नाहीत. पोटदुखी डिसेंबरअखेर थांबली. झोप साडेआठ तासांवर आली, ती अजून नऊला पोचलेली नाही कारण वर्दीची रिक्षा 6.35 लाच येते. खोटं बोलणं जवळपास बंद, कारण लपवायला उरलंच काही नाही. गणिताच्या चाचणीत मात्र आधी वीसपैकी सतरा होते ते जानेवारीत चौदा झाले. बाबा दोन दिवस माझ्याशी फोनवर तुटक बोलले. फेब्रुवारीत सोळा. यातला कुठला आकडा कशामुळे, हे मी सांगणार नाही; तीन गुणांवरून कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. दप्तर अजून पावणेपाच किलो आहे.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी कोणी माझ्याकडे आलं नव्हतं. मुलीचं शाळेत इंग्रजी माध्यम, 2023 च्या कायद्यानं आठवीपर्यंत सक्तीचं झालेलं गुजराती, आणि हिंदी. मराठी फक्त घरात, तेही बोलण्यापुरतं. घरात बोलणंच "ऊठ, आवर, जेव, झोप" एवढं उरलं तर मराठीही तेवढीच उरते. जानेवारीत तिला कळलं की आजी रोज जे लिहिते ते तिच्याबद्दल आहे. स्वतःबद्दल काय लिहिलंय हे कोणाला बघायचं नसतं? हिंदीमुळे अक्षरं येत होती. "ळ"पाशी अडली, आजींच्या जुन्या वळणाच्या अक्षरांपाशी अडली, पण पंधरवड्यात सगळी वही वाचून काढली आणि चुका काढल्या. "8.22 ला मी रडलेच नव्हते."

दुसऱ्या पाळीच्या आठवड्याचं मी काही करू शकले नाही. पावणेदोन आणि दोन, ही पंधरा मिनिटं कोणाच्याच हातात नाहीत. त्या आठवड्यांत मुलगी वहीत दोन-चार ओळी लिहून ठेवते आणि वही जेवणाच्या टेबलावर सोडते. बाबा रात्री अकराला ताट वाढून घेताना वाचतात आणि खाली उत्तर लिहितात. त्यांचं शिक्षण गुजराती माध्यमातलं, गुजराती लिपीत अक्षरांवर रेघ नसते, त्यामुळे त्यांचं मराठीही बिनरेघेचं येतं. गेल्या भेटीत आजींनी मला पान दाखवलं. बाबांनी लिहिलं होतं, "रविवारी सुरसागर तलावावर जाऊ, सायकलमध्ये हवा भरून ठेव." त्याच्या प्रत्येक शब्दावर मुलीनं लाल पेनानं एकेक रेघ ओढली होती, आणि समासात शेरा: "पुन्हा लिहा."